समासातलं भांडण

त्या भागातली निम्मी म्हातारी माणसं आत्यांच्या दातांनी जेवायची. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत आत्यांनी सगळी नोकरी कवळ्या घडवण्यात काढली. निवृत्त झाल्यावरही रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं, की त्या आधी त्याची वरची रांग तपासायच्या आणि मगच उलट हसायच्या. खऱ्या आत्या त्या एकाच भाचीच्या. बाकी सगळ्यांच्या, अगदी वयाने मोठ्या असलेल्या, पुस्तकं बांधून देणाऱ्या बाइंडरच्यासुद्धा, त्या आपोआप झाल्या होत्या.

त्यांना नाद एकच, जुन्या पुस्तकांचा. तीही घर कसं ठेवावं आणि बाग कशी लावावी एवढ्याच विषयांवरची. कपड्यांवरचे डाग काढणं, लोकर धुणं, पडदे बेतणं, गुलाबाची छाटणी, मुंग्यांचा बंदोबस्त. आत्यांना बाग नव्हती. सज्जात एक कुंडी होती, तीत छत्र्या ठेवलेल्या असत. आणि घर भावाचं होतं, म्हणजे व्यवहारात भावजयीचं.

"वन्सं," भावजय केरसुणी घेऊन उभी राहायची, "घर नीटनेटकं कसं ठेवावं ते सांगणारी ती पुस्तकं जरा उचलता का? मला घर झाडायचंय."

आत्या पाय वर घ्यायच्या. पुस्तकं जागची हलायची नाहीत.

या संग्रहाला एक शिस्त होती, आणि तिचा आत्यांना अभिमान होता. कोरं पुस्तक त्या घेत नसत. रद्दीवाल्याकडे पुस्तक उघडायचं, आधी वास घ्यायचा, मग डाग बघायचे, मग समास. ज्या पानावर तेलाचा ठिपका नाही, मातीचा अंगठा नाही, 'याने रंग जातो, सावधान' असं कोणी चिडून लिहिलेलं नाही, ते पान त्यांच्या लेखी छापलंच गेलेलं नव्हतं. "कोणी वापरलंच नाही हो हे," म्हणून त्या चांगली नवीकोरी प्रत परत ठेवायच्या. रद्दीवाल्याच्या हे लक्षात आलं, तेव्हा त्याने व्यवसायबुद्धीने दोनचार पुस्तकांत स्वतःच पेन्सिलीने 'छान' आणि 'उपयुक्त' लिहून ठेवलं. आत्यांनी एकच पान उलटलं.

"हे तू लिहिलंस."

"कशावरून?"

"जो करून बघतो, तो 'छान' लिहीत नाही."

तर असा हा संग्रह. वाचनालयाने त्याला स्वतंत्र कपाट द्यायचं कबूल केलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद भावजयीला झाला. मात्र ग्रंथपालांनी दोन अटी घातल्या. खिळखिळी पुस्तकं बांधून द्यायची, आणि आतलं हाताने लिहिलेलं सगळं पुसून द्यायचं. पहिली अट आत्यांनी मान्य केली. दुसरीला त्या म्हणाल्या, "मग कपाटात नुसते पुठ्ठे ठेवा की." ग्रंथपाल ऐकेनात. आत्याही ऐकेनात. बोलणी तुटली नव्हती, पण शेवटच्या टाक्यावर लोंबकळत होती.

तरी एक पुस्तक त्यांनी बाइंडरकडे धाडलं. बागेवरचं, जाडजूड, संग्रहातलं मानाचं. त्यात एका जोडप्याचं भांडण होतं. बाई निळ्या शाईत, नवरा हिरव्या. पुस्तक म्हणे, रोपांना साबणाचं पाणी पाजावं. बाजूला निळी शाई: 'पाजलं. मेलं.' खाली हिरवी: 'तू पाजलंस म्हणून.' असं पानोपान, पार कागदाच्या कडेपर्यंत. कारण दोघांपैकी एकालाही थोडक्यात आटपायची सवय नव्हती. आत्यांचा ग्रंथपालांना दाखवायचा मुख्य पुरावा हाच.

बाइंडरने जीव ओतून काम केलं. नवी शिवण, पाठीला कापड, कडक पुठ्ठा. आणि चांगल्या बांधणीची खूण म्हणून तिन्ही कडा यंत्रावर सढळ हाताने कापून टाकल्या.

"हात फिरवून बघा, आत्या. काच आहे काच."

आत्यांनी पुस्तक उघडलं. 'पाजलं. मे', आणि खाली, 'तू पाजलंस म्ह'.

त्यांनी पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं. बाइंडरला ओरडा चालला असता.

"थोडी शेपटं गेली असतील शाईची," तो म्हणाला.

"इतकी वर्षं भांडत होते हो बिचारे. तुम्ही दोघांच्या तोंडावर हात ठेवलात. कातरण कुठंय?"

कातरण पोत्यात होतं, दाबून भरलेलं. आत्या घरी गेल्या आणि आपला जुना चिमटा, भिंग आणि कामाचा कोट घेऊन परत आल्या. हे काम आपल्याला येतं, एवढं त्यांना पोतं पाहताच कळलं होतं. तुटलेली कवळी जोडणं आणि हे, यात फरक एवढाच की इथे गिऱ्हाईक तोंड उघडं ठेवून समोर बसलेलं नव्हतं. पिवळ्या कागदाच्या पट्ट्या त्या वेगळ्या काढत गेल्या, अक्षराच्या तुटलेल्या काठाला काठ लावत गेल्या. बाइंडर मागून पातळ कागद चिकटवत होता आणि दर पानाला म्हणत होता, "चुकलंच माझं." चौथ्या पानाला आत्या म्हणाल्या, "अहो, खळ वाळतेय."

पुस्तक येत नाही म्हणून ग्रंथपाल स्वतः दुकानात आले. पाहतात तो दोन वयस्क माणसं गवतासारखी कातरणं मांडून बसलेली.

"जे पुसायचं, तेच चिकटवताय?"

"बसा ना," आत्या म्हणाल्या. "स्टुलावरची खळ सांभाळून."

ग्रंथपाल बसले नाहीत. उभ्याउभ्याच, नाक मुरडून, त्यांनी एक पान उचललं. निळी शाई: 'तुमच्या सांगण्यावरून जाई बुडातून छाटली. मेली.' हिरवी: 'मेली नाही. आज सकाळी दोन'. पुढे कागद संपला होता.

"दोन काय?" ग्रंथपालांनी विचारलं.

"अजून सापडलं नाही."

"म्हणजे जगली का?"

"पोत्यात असेल."

ग्रंथपालांनी पोत्याकडे पाहिलं. खालच्या फळीवरचं पुस्तक मागितलं तर कंबर दुखते म्हणणारा हा माणूस. त्याने चष्मा पुसला आणि गुडघे टेकले. "पिवळा कागद, हिरवी शाई," असं पुटपुटत तो कोपरापर्यंत पोत्यात शिरला. बाइंडरने एकदा चुकीची पट्टी पुढे केली, तर अंगावर आला. "ही निळी आहे हो! तिचं नका सांगू, त्याचं सांगा!"

बऱ्याच वेळाने त्यांनी एक पट्टी दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली. 'कोंब.'

"जगली," ग्रंथपाल म्हणाले, आणि पट्टी पुढे केली.

आत्यांनी पट्टी चिमट्यात घेऊन जागेवर बसवली. काठ काठाला मिळाला.

"पुसायचं राहू द्या," ग्रंथपाल कपडे झटकत म्हणाले.

दुसरं कोणी असतं तर आभार मानून मोकळं झालं असतं. आत्यांनी भिंग खाली ठेवलं. "आता माझी अट. या कपाटातलं जो करून बघेल, त्याने लिहायचं. पेन्सिलीने."

"वाचनालयाच्या पुस्तकात? आत्या, मी तिथला ग्रंथपाल आहे!"

"गुडघ्यांना धूळ लागलीय तुमच्या."

ग्रंथपालांनी गुडघे झटकले. मग बाइंडरकडे पाहिलं. बाइंडर खळ ढवळत होता.

"फक्त त्याच कपाटात," ते म्हणाले.

कपाट लागलं. जोडलेलं पुस्तक नीट मिटत नाही, कडांनी फुगलेलं आहे. पण बाइंडरने नावाची जी चिठ्ठी आजवर डोळे मिटून चिकटवली असेल, ती या पुस्तकावर मोजूनमापून लावली. कपाटाला दोरीने एक पेन्सिल बांधलेली आहे. दोरी ग्रंथपालांनी स्वतः कापली, आणि वाकल्याशिवाय लिहिताच येऊ नये इतकी आखूड ठेवली.

पहिल्याच आठवड्यात आत्या तिथे पडद्यांवरचं पुस्तक चाळत उभ्या होत्या. शेजारी एका तरुण बाईने पेन्सिल हातात घेतली आणि दबकत ग्रंथपालांना विचारलं, "इथे लिहिलेलं चालतं?"

"आधी करून बघा!" ग्रंथपाल 'शांतता राखा'च्या पाटीखालून ओरडले. "आणि 'छान' लिहू नका!"

आत्यांनी मान वळवली नाही. खांदे तेवढे मागे घेतले आणि पान उलटलं.