आपाने आखलेलं वेळापत्रक

विद्यापीठातून ऑनर्सचं पत्र आलं तेव्हा मी अम्मीला पेज भरवत होते. मोबाइलवर ईमेल उघडला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि चमचा वाटीत ठेवून तशीच बसून राहिले. अम्मीने डाव्या हाताने माझं मनगट हलवलं. लकवा झाल्यापासून तिच्याकडे मोजकेच शब्द उरले होते. "काय?" हा त्यांतला एक.

"मिळालं, अम्मी. ऑनर्स मिळालं."

ती हसली. तिचं हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला उमटतं. मग तिने वाटीकडे बोट दाखवलं. पेज निवत चालली होती.

ऑनर्स म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांतून वीस-पंचवीस निवडतात ते. त्यांना वेगळा सेमिनार असतो, वेगळी अ‍ॅडव्हायझर असते आणि विषय निवडायचं पोर्टल इतरांच्या दोन दिवस आधी उघडतं. हे सगळं मला आपाने समजावून सांगितलं. आपा माझी सख्खी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दुबईजवळच्या अजमानमधल्या एका दातांच्या क्लिनिकमध्ये ती रिसेप्शनला बसते. मी ईमेलच्या दोनच ओळी वाचल्या होत्या, तिने क्लिनिकमधून आल्यावर बुरखाही न काढता खालपर्यंत सगळं वाचलं, जोडलेली माहितीपुस्तिका फोनवर उतरवून घेतली आणि म्हणाली, "तुझ्या मार्कशीटचं अटेस्टेशन राहिलंय. उद्याच सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरला जायला हवं."

अब्बा दुबईतल्या देऱ्यात, धो म्हणजे मालवाहू लाकडी गलबतं लागतात त्या धक्क्याजवळच्या एका ट्रेडिंग ऑफिसात मालाच्या याद्या करतात. अजमानहून सकाळी साडेसहाला निघतात आणि रात्री आठला परत येतात. त्या संध्याकाळी ते येताना मिठाईचा डबा घेऊन आले आणि मजल्यावरच्या प्रत्येक दारावर स्वतः गेले. "छोटी बेटी. ऑनर्स," एवढंच सांगत होते. मी दारात उभी राहून ते ऐकत होते आणि आपा आत अम्मीची कूस बदलत होती.

त्याच्या सहा वर्षं आधी आपालाही कॉलेजात प्रवेश मिळाला होता. बायोलॉजीला. तिची बारावी झाली त्याच जूनमध्ये अम्मी स्वयंपाकघरात कोसळली. मी तेव्हा सहावीतून सातवीत जाणार होते. एक वर्षाने जाईन, असं आपा म्हणाली होती, असं मला आठवतं. ते वर्ष कधी संपलं ते कुणी बोललं नाही. माझ्या दृष्टीने आपा म्हणजे घरी असणारी, सगळं माहीत असणारी, माझ्या शाळेच्या पालकसभेला येणारी. ती कधी विद्यार्थिनी होती हे मी जवळजवळ विसरूनच गेले होते.

ऑगस्टच्या त्या उन्हात तिने मला घेऊन सगळे कागद केले. पांढऱ्या पडद्यासमोरचे फोटो, लसीकरणाचं कार्ड, एमिरेट्स आयडीच्या दोन्ही बाजूंच्या प्रती. टायपिंग सेंटरमधल्या माणसाने एक कागद कमी असल्याचं सांगितलं, तर तिने तो पिशवीतून काढून समोर ठेवला. "आपको सब पता है, मॅडम," तो म्हणाला. तिच्या हातातली फाइल जुनी होती. आतल्या प्लास्टिकच्या कप्प्यांवर तिच्याच अक्षरात चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि त्यांतली एक मी उलटून पाहायला गेले तर तिने फाइल हळूच मिटली.

मग वेळापत्रकाचं काम. पोर्टल उघडायला दहा दिवस होते. तिने मात्र क्लिनिकच्या अपॉइंटमेंटच्या कोऱ्या कागदावर पट्टीने चौकटी आखायला घेतल्या. सगळे तास सकाळी आठ ते दुपारी एक. शेवटचा तास संपला की बस पकडून दोनपर्यंत मी घरी. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत अम्मीजवळ एक कामवाली बाई असायची, दोन ते पाच मी, आणि पाच वाजता आपा यायची. असंच आमचं घर चालत आलं होतं.

"मला फिलॉसॉफी दुपारी तीनची हवीये. तीन वाजताची टीचर चांगली आहे असं सगळे म्हणतात," मी म्हणाले.

"सकाळी नऊची घे."

"आपा, इट्स माय टाइमटेबल."

"दोनच्या आत घरी," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी काही ठेवू नकोस. सोमवार-बुधवार तर अजिबात नको."

"का? तू असतेस की घरी."

ती पट्टी सरळ करत राहिली. "असतेच असं नाही ना," म्हणाली. मला वाटलं, ही आता माझ्या कॉलेजवरही हुकूम गाजवणार. मी रागाने उठून गेले. तिने 'असतेच असं नाही' म्हटलं, त्याचा अर्थ विचारायचं मला सुचलंच नाही.

ओरिएंटेशनला पालकांनी यायचं होतं. अब्बांच्या ऑफिसात त्या आठवड्यात दोन धो भरायच्या होत्या, त्यांना सुट्टी मिळाली नाही. आपाने अर्धा दिवस रजा टाकली आणि शेजारच्या केरळच्या बाईंना अम्मीजवळ बसवलं. निळ्या ड्रेसवर नवा स्कार्फ बांधून ती निघाली. मला ती त्या दिवशी फार तरुण वाटली. चोवीस म्हणजे तरुणच की, हे आज कळतं.

दाराशी टेबल मांडून मुलं बसली होती. त्यांतल्या एका मुलीने माझं नाव यादीत शोधून माझ्या गळ्यात विद्यार्थ्यांची हिरवी पट्टी घातली. मग आपाकडे वळून हसत विचारलं, "अँड यू? व्हॉट्स युअर मेजर?"

मी सांगणार होते की ही माझी बहीण आहे. त्याआधीच आपा म्हणाली, "बायोलॉजी."

मुलगी यादी चाळायला लागली तशी आपा भानावर आली. "नो, नो. सॉरी. मी हिच्याबरोबर आहे. गार्डियन." तिचे कान लाल झाले होते. मुलीने तिला पालकांची पांढरी पट्टी दिली.

कॅम्पस दाखवताना ती मात्र सगळ्यांच्या पुढे होती. प्रयोगशाळेच्या काचेला हात लावून आत पाहत ती इतका वेळ उभी राहिली की घोळका पुढे निघून गेला आणि मला मागे जाऊन तिला हाक मारावी लागली. "मायक्रोस्कोप किती आहेत बघ," ती म्हणाली. मला भूक लागली होती. मी म्हटलं, "यल्ला, आपा, चल ना."

शेवटी ऑनर्सच्या मुलांची वेगळी बैठक झाली. अ‍ॅडव्हायझर एक वयस्क लेबनीज बाई होत्या, आवाजाने मऊ. त्यांनी सांगितलं की ऑनर्सचा सेमिनार सगळ्यांना सक्तीचा आहे, त्याचा एकच वर्ग आहे आणि तो सोमवार-बुधवार संध्याकाळी साडेपाच ते सात भरतो. आपा शेजारी बसून सगळं वहीत लिहून घेत होती. तिने 'सोमवार' लिहिलं, 'बुधवार' लिहिलं आणि पेन उचललं. नंतरचं काहीच तिने लिहिलं नाही. मी तिच्या वहीत पाहिलं म्हणून मला माहीत.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला टेकून बसली होती. मी विचारलं, "चालेल ना? सेमिनारचं?"

"चालेल की. मी पाचला येतेच घरी. काय अडचण आहे?"

"तू तर म्हणत होतीस, सोमवार-बुधवार नको."

"ते मी असंच म्हणाले होते."

मी लगेच विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळी आठला पोर्टल उघडलं. आपा क्लिनिकला जाण्याआधी माझ्या मागे उभी राहून एकेका वर्गाचा नंबर वाचून दाखवत होती आणि मी तो भरत होते. केमिस्ट्रीची लॅब भरलेली निघाली, तर तिने दुसऱ्या लॅबचा नंबर पाठ असल्यासारखा सांगितला. सगळ्यात शेवटी सेमिनार. त्याचा नंबर वाचताना ती थोडी थांबली, मग स्वच्छ आवाजात वाचला. मी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. "खलास," ती म्हणाली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेली.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी आपा अंघोळीला गेली होती आणि तिचा फोन वाजला. "उचल, क्लिनिकचा असेल," ती आतून ओरडली. फोनवर एक बाई होत्या. "मॅडम, आपने सीट कन्फर्म नहीं की," त्या हिंदीत म्हणाल्या. "ईव्हनिंग डिग्री का बॅच है, मंडे-वेनस्डे, सिक्स टू नाइन. परसों से क्लास शुरू है. आप आ रही हैं ना?"

मी कसंबसं विचारलं, "कौन-सी डिग्री?"

"हेल्थ मॅनेजमेंट, मॅडम. आपने ही तो मई में अप्लाय किया था."

मे महिन्यात. माझी बारावी संपली त्या महिन्यात. म्हणजे मी दुपारपासून घरी असेन आणि त्या दोन संध्याकाळी अब्बा येईपर्यंत अम्मीजवळ बसेन, हा हिशेब तिने तेव्हाच मनाशी करून ठेवला होता. माझे सगळे तास ती सकाळी कोंबत होती ते एवढ्यासाठी. मी बाईंना सांगितलं की मी तिची बहीण आहे, ती फोन करेल.

आपा केस पुसत बाहेर आली. माझा चेहरा पाहून तिला कळलं असावं. "काय म्हणाल्या?"

"परवा क्लास आहे तुझा."

"हं. त्यांना नाही म्हणून कळवायचं राहून गेलं." तिने फोन घेतला आणि टॉवेल खांद्यावर टाकला. "पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला."

"मी सेमिनार सोडते."

"वेडी आहेस का? अब्बांनी अख्ख्या बिल्डिंगला मिठाई वाटलीये."

तरी मी सोमवारी सकाळी अ‍ॅडव्हायझर बाईंकडे गेले. दुसरा वर्ग आहे का, विचारलं. "नो, हबीबती, ओन्ली वन," त्या मायेने म्हणाल्या. ऑनर्समधूनच बाहेर पडायचं असेल तर हा फॉर्म, दोन आठवड्यांच्या आत, आईवडिलांशी बोलून. त्यांनी मला पाणी दिलं, सगळं ठीक आहे ना, असंही विचारलं. मी ठीक म्हणाले.

फॉर्म घेतला आणि बॅगेत ठेवला. त्याच संध्याकाळी साडेपाचला पहिला सेमिनार होता. तिथे प्रत्येकाने आपण ऑनर्स का निवडलं ते सांगायचं होतं. मी काहीतरी चांगलं बोलले. दोघेतिघे माझ्याकडे वळून हसले. घरी पोहोचले तेव्हा आपा अम्मीचे पाय चेपत होती. "काय शिकवलं आज?" तिने विचारलं. मी सांगत गेले आणि ती ऐकत राहिली, मधेच एखादा प्रश्न विचारत. तिचे प्रश्न वर्गातल्या मुलांपेक्षा चांगले होते.

फॉर्म मी भरला नाही. टाकूनही दिला नाही. रोज उद्या, रोज उद्या, असं करत दोन आठवडे उलटले आणि मुदत संपली. मला ठरवावंच लागलं नाही, आणि खरं तर मला हेच हवं होतं.

पुढच्या वर्षी आपा जाणार होती. त्या हिवाळ्यात अम्मीला दुसरा झटका आला आणि ती उठून बसायचीही बंद झाली. त्यानंतर आपाने तो विषय काढला नाही. मी आता तिसऱ्या वर्षाला आहे, ऑनर्समध्ये टिकून आहे. आपा त्याच क्लिनिकमध्ये आहे.

मागच्या रमजानमध्ये इफ्तारची भजी तळताना मी तिला एकदाच विचारलं. "तू मला बसमध्येच का नाही सांगितलंस?"

तिने गॅस बारीक केला. "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मला बॅगेतला तो कोरा फॉर्म आठवला, आणि मी कढईतली भजी उलटली. तेवढ्यात आतून अम्मीचा आवाज आला, आणि आपा हात पुसत तिच्याकडे गेली.