सात दिवसांचं उघडं दार

मला रूबेनचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

शेजारच्या मायाताई पेणकर शाळांचे गणवेश शिवतात. आमच्या वस्तीत तेवढं एकच ज्यू घर. त्यांना मूलबाळ नाही. नवऱ्याच्या वारलेल्या भावाचा मुलगा रूबेन, त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, मशीन चालवून चालवून इंजिनिअर केलं. साहेब नागपुरातच मिहानच्या आयटी कंपनीत नोकरीला लागले आणि मग इकडे फिरकलेच नाहीत. मायाताईंचे यजमान सॅमसनभाऊ अंथरुणाला खिळले, तेव्हा मी स्वतः त्याला फोन केले. दर वेळी याची मीटिंग. तरी भाऊ दाराला कडी लावू देत नसत.

"पोरगा आला अन् दार बंद दिसलं तं वापस जाईल नं," म्हणायचे.

भाऊ गेले. त्यांच्यात त्याच दिवशी दफन करतात. रूबेन पोहोचला तेव्हा माती टाकून झाली होती.

त्यांच्यातल्या शोकाचे सात दिवस मायाताई जमिनीवर बसल्या. आरशावर चादर, अंगात शोकाची खूण म्हणून छातीपाशी फाडलेला ब्लाऊज. लोकांच्या कपड्याचा धागा लोंबू न देणारी बाई तशीच फाटक्यात बसली. पहिलं जेवण बाहेरून यावं लागतं, म्हणून मी उकडलेली अंडी आणि पोळी नेली. या दिवसांत दार उघडं असतं, कुणीही न ठोठावता आत येतं. मात्र दुःखातलं माणूस बोलल्याशिवाय पाहुण्यानं तोंड उघडायचं नाही.

रूबेन रोज येऊन समोर बसायचा. नातेवाईकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. चारचौघांत काकू एकदा 'आलास का बाबा' म्हणाली असती, तर याचं सगळं धुऊन निघालं असतं. त्यासाठीच तो ताटकळायचा. मायाताई माझ्याशी बोलायच्या, दूधवाल्याशीही बोलायच्या. हा आत आला की ओठ मिटायचे.

एकदा तो गेल्यावर मी तडकले. "हाकलत काहून नाही ताई त्याले?"

"दार उघडं ठेवा लागते, वच्छला. बोलाच लागते असं कुठं हाय?"

सातव्या दिवशी प्रार्थना झाली. आता शोकातल्या माणसाला हात देऊन उठवायचं असतं. रूबेन लगबगीनं पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. मला काडीची दया आली नाही. मायाताईंनी माझा हात धरला आणि उठल्या. रिवाजाप्रमाणे गल्लीच्या टोकापर्यंत चालून आल्या. रूबेन मागे मागे होताच.

परतल्यावर त्या उंबऱ्याच्या आत गेल्या, वळल्या आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. तो आशेनं पायरी चढला.

"तुया काकानं तुयासाठी ह्या दाराले कधी कडी लावू देली नाही," त्या म्हणाल्या. "त्याइचे सात दिवस झाले आता."

दार बंद झालं आणि आतून कडी लागली.