जैसे थे हुकूम आणि स्लॅबचा नारळ

वडील गेल्यावर पुंडलिकनगरातल्या त्यांच्या प्लॉटवर भाऊ एकट्याचंच घर बांधायला निघाला. मी वाटणीचा दावा लावला. निकाल लागेपर्यंत सगळं ‘जैसे थे’ ठेवायचं, वीटसुद्धा रचायची नाही, असा कोर्टानं हुकूम दिला. भावानं तो कोर्टाच्या बेलिफाकडून स्वतः सही देऊन घेतला आणि आठ दिवसांत कॉलम उभे केले.

माझे वकील म्हणाले, “ताई, हुकूम मोडला एवढ्यानं भागत नाही. जाणूनबुजून मोडला, हे सिद्ध करावं लागतं. काम चालू असताना तो स्वतः तिथं उभा आहे, असे फोटो आणा.”

त्याच आठवड्यात भावजयीचा फोन आला. “ताई, उद्या स्लॅब हाय. घरची लेक तुम्ही, नारळ तुमच्याच हातानं फुटंल.” निर्लज्जपणाची कमाल! मी फाडकन नाही म्हणणार, तेवढ्यात आईनं तिच्याकडून फोन घेतला. “कोर्टाचं कोर्टात ऱ्हाऊ दे. शुभ कामाला लेकीनं नाय म्हणू नाय.” मीही मनात म्हटलं, बरं झालं, फोटो आयते मिळतील. फार शहाणी समजत होते स्वतःला.

गेले. मिक्सर धडधडत होता, भाऊ मजुरांवर ओरडत होता. त्याचे चार फोटो काढले. मग भावजयीनं हळदीकुंकवाचं ताट पुढं केलं आणि मी नारळ फोडला. वर जिलेबीही खाल्ली. कुणीतरी मोबाईलवर माझा फोटो काढत होतं. मी पदर सावरला.

फोटो जोडून मी हुकूम मोडल्याचा अर्ज केला. उलटतपासणीत भावाच्या वकिलानं माझा नारळ फोडतानाचा तोच फोटो माझ्या हातात दिला.

“या बाई कोण?”

“मीच.”

“कुणी जबरदस्ती केली होती?”

“नाही.”

स्लॅबला लेकीला बोलावतात, तिनं नाही म्हणायचं नसतं, हे मी सांगायला लागले. जज्जसाहेब म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. अर्ज फेटाळला गेला. बहिणीनंच नारळ फोडल्यावर तिची संमती आहे असं भावाला वाटलं असेल, हुकूम मुद्दाम मोडल्याचं दिसत नाही, म्हणे.

दावा चालूच आहे. आता तिथं दोन मजले झालेत. वाटणी कशाची मागू, जिन्याची?

भावाचा राग येतो, पण स्वतःचा जास्त येतो. कोर्टात कुणी विचारलं नाही ते सांगते. नारळ फोडताना मी डोळे मिटून म्हटलं होतं, भावाचं घर टिकू दे. देवानं माझं तेवढंच ऐकलं.