कदमांनी सांगितलेला सिनेमा

अमेरिकेत पार्सिपनीला मुलाकडे राहणारे निवृत्त सुभेदार रावजी कदम टीव्हीवरचे इंग्रजी सिनेमे बायकोला, हौसाबाईंना, मराठीत सांगत. १९८५च्या एका दुपारी पडद्यावरचा शिपाई प्रेयसीला म्हणाला, तुझ्या जखमी नवऱ्याला मी जिवंत सोडून पळालो.

ब्रह्मदेशाच्या लढाईत कदमांनी पलटणीतल्या भिवाला तसंच सोडलं होतं. पुढे भिवाच्या विधवेशी, म्हणजे हौसाबाईंशीच, पाट लावला. सांगायचं मात्र चाळीस वर्षं राहिलं.

“काय म्हणतोय तो?”

“नवरा जागीच गेला म्हणतोय.”

“मग ती त्याला मारतेय कशाला, अहो?”

“दुःखानं.”

“आमच्या भिवांना तरी यातना झाल्या नाहीत,” हौसाबाई म्हणाल्या. “तुम्ही जवळ होतात.”

उरलेला सिनेमा कदमांनी मनानेच रचून सांगितला.