माझ्या आवाजातलं खोटं

माझी थोरली बहीण, अक्का, शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिला अक्षरं लावून वाचता येतं, पण दुसऱ्या ओळीपर्यंत तिचे डोळे दुखायला लागतात, आणि ओळ पुस्तकी मराठीत असली की ती फोनच बाजूला ठेवते. म्हणून आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर काही आलं की मी ते तिच्यासाठी अहिराणीत बोलून पाठवायचो. कुणाची सोयरीक जमली, कोण गेलं, चाळीसगावला कुणाच्या घराची वास्तुशांत आहे. सुरुवात एवढीच होती आणि चांगल्या मनानं केलेली होती. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगतोय, हेही मला कळतं.

आवाज माझा बरा आहे. जळगावच्या बसस्थानकावर कितीतरी वर्षं मी माइकवर गाड्या पुकारल्या. मी फलाट चार म्हटलं की माणसं पिशव्या आणि पोरं उचलून चारकडे पळायची, तिथे गाडी दिसत नसली तरी. कुणी कधी उलटून विचारलं नाही. निवृत्त होऊन पिंप्राळ्याच्या घरात बसल्यावर या आवाजाचं करायचं काय, हा मला खरंच प्रश्न पडला होता.

ग्रुपवर राजकारण आणलं ते नरडाण्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या माझ्या एका चुलतभावानं. पाळी सुटली की त्याचे फॉरवर्ड सुरू. पहिल्यांदा मीच त्याला झापलं. ‘खात्री केल्याशिवाय टाकत जाऊ नको, इथे घरातल्या बायामुली आहेत,’ असं लिहिलं. उत्तरादाखल हसरे पिवळे चेहरे आले. मग एका पुतण्यानं विचारलं, ‘तात्या, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?’ माणसाला वाळीत टाकायला आता पंचायत बसवावी लागत नाही. त्याच सुमारास मी नातवाच्या वाढदिवसाचा फोटो टाकला, तर एकानंही अंगठा दाखवला नाही. मला राग आला. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, आणि ते मी बायकोलाही सांगितलं नाही.

मग मी गप्प बसून नुसता वाचायला लागलो. रोज तेच ते वाचलं की त्यातलं थोडं पटायला लागतं. पटत नव्हतं तेही ओळखीचं वाटायला लागलं. एकदा सहज म्हणून चुलतभावाचा एक मेसेज मी अहिराणीत बोलून ग्रुपवर टाकला. काय ते कौतुक! ‘तात्या, एक नंबर.’ ‘आपली भाषा, आपला आवाज.’ त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी या वयात चढलो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. मला तर दोन्ही लागले. वर्षभरात ‘आपले’ आणि ‘ते’ हे दोन शब्द माझ्या तोंडात असे बसले, जसा काही जन्मापासून तसाच बोलत आलो होतो.

अक्काला हे सगळं मी वेगळं पाठवायचो, तिच्या एकटीच्या फोनवर. एक दिवस असा मेसेज आला की गावोगाव बांगड्या विकायला फिरणाऱ्या ‘त्यांच्या’ बाया घरं हेरून जातात, मग मागाहून चोऱ्या होतात. कोणत्या गावात, कोणाच्या घरी, काही पत्ता नाही. मी तो बोललो आणि शेवटी पदरचं एक वाक्य घातलं, ‘अक्का, आपला गावमा बी येतस त्या. ध्यान ठेव.’ मूळ मेसेजात हे नव्हतं. अक्काच्या गावात येणारी अशी बाई एकच होती, आणि ती मला पुरती ठाऊक होती. तरी बोललो, कारण वाक्य ऐकायला छान वाटलं.

माझी धुंदी उतरली तीही काही शहाणपणानं नाही. आमच्या खात्यातल्या लोकांनी संप केला तेव्हा याच ग्रुपवर एक व्हिडिओ आला, संपावरचे लोक स्थानकात बसच्या काचा फोडताहेत असा. खाली आमच्या स्थानकाचं नाव. फलाट आमच्याकडचा नव्हता, गाडीचा रंगही आपल्याकडचा नव्हता. ज्यातलं मला कळत होतं ते इतकं खोटं, तर ज्यातलं कळत नव्हतं ते काय असेल? तेव्हापासून मी बोलून पाठवणं बंद केलं. पण नुसतं बंद केलं. आधीचं चुकीचं होतं, हे ग्रुपवर म्हणालो नाही आणि अक्कालाही नाही. तब्येतीचं कारण सांगून मोकळा झालो.

यंदा उन्हाळ्यात अक्काच्या नातीचं लग्न होतं. बांगड्या भरायच्या दिवशी मी तिथेच होतो. सगळं गाव जिला चाची म्हणतं ती बांगडीवाली सकाळीच टोपली घेऊन आली. तिला बोलवावं लागत नाही, लग्नघर कळलं की ती येते. बांगड्या भरून झाल्या की पोरी तिला वाकून नमस्कार करतात, अशी रीत आहे. नात पाटावर बसून हात पुढे करून तयार होती.

अक्कानं दारातूनच धुळ्याच्या बांगड्यांचं कारण पुढे केलं, “बांगड्या धुयाथून आनेल शेतस. तू ऱ्हाऊ दे.”

चाचीनं टोपली खाली ठेवली नव्हती, ती तशीच धरून उभी राहिली. “तुन्या दोन्ही पोरीस्ना चुडा मी भरा, अक्का. आते काय व्हयनं?”

अक्कानं माझ्याकडे पाहिलं, तशी चाचीही माझ्याकडे वळली. “भाऊ, तुम्ही तं जयगावले ऱ्हातस, शिकेल शेतस. तुम्हीच सांगा, मनं काय चुकनं?”

फाटकाशी मंडपवाला उभा होता, त्याच्याशी काही काम असल्यासारखा मी उठलो आणि तिच्या बाजूनंच निघून गेलो. परत आलो तेव्हा चाची गेली होती आणि नात पाटावरून उठली होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तोंड धुवायला मोरीपाशी गेलो तर आरशात बघवेना.

दुपारी अक्काला धान्याच्या खोलीत एकटीला गाठलं. म्हटलं, “अक्का, ते बठ्ठं खोटं होतं. मी सांगं ते खोटं होतं. चाचीनं काहीच करेल नही.”

ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “कोनी धमकाडं का रे तुले?”

“नही व, अक्का. कोनीच नही.”

“मंग घाबरस कसाले? मना भाऊ खोटं बोलस नही.” तिनं लहानपणी धरायची तसा माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हातारा झालो, माझी हिंमत खचली, एवढंच तिला दिसत होतं. मला धीर द्यायचा म्हणून तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला. माझा एकही मेसेज तिनं पुसला नव्हता, आणि बांगड्यावाल्या बायांचा तो काही न वाचताच तिला बरोबर सापडला. “आयक,” ती म्हणाली, “कसा बोले तू!”

फोनमधून मी बोलायला लागलो. खणखणीत, एकही शब्द न अडखळता. बाहेर पापड लाटणाऱ्या बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, अक्का, बंद कर. तिनं आवाज आणखी वाढवला.