पिवळ्या खुणा पुसणारे काका

आमच्या समोरच्या दारातले काका छत्तीस वर्षं वाचनालयात नोकरीला होते. पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर नव्हे, आतल्या खोलीत. परत आलेलं पुस्तक आधी त्यांच्या टेबलावर यायचं. दुमडलेले कोपरे सरळ करायचे, सुटलेली पानं चिकटवायची आणि वाचकांनी पेन्सिलीने मारलेल्या रेघा खोडून काढायच्या. तिथले लोक पाठीमागे त्यांना ‘खोडरबर’ म्हणत. काकांना ते ठाऊक होतं. नाव ठेवलंय, पण खोटं नाही ठेवलं, असं म्हणून हसायचे.

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. एकुलती एक मुलगी परगावी मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. मागच्या वर्षी तिने त्यांना टॅब आणून दिला आणि त्यात वाचनाचं ॲप घालून दिलं. बापलेकीचं खातं एकच. काकांनी आठवडाभर नाक मुरडलं. वास नाही, वजन नाही, परत करायची तारीख नाही, हे कसलं वाचनालय? मग हळूच त्यात कप्पे करायला लागले. चरित्रं एकीकडे, प्रवासवर्णनं दुसरीकडे, त्यातही आडनावांचा क्रम. महिन्याभरात माझ्या कपाटाला लाज वाटावी इतकी शिस्त त्या टॅबात आली.

मुलीचे फोन मात्र विरळ होत गेले. रात्रपाळ्या, त्यात वरच्या पदाची परीक्षा. रविवारी दहा मिनिटं, जेवलात का, गोळी घेतलीत का, ठेवते. सोमवारी काका मला ती दहा मिनिटं सांगायचे, त्याला अर्धा तास लागायचा.

एके दिवशी अभ्यासाची चार जाडजूड पुस्तकं त्यांच्या टॅबवर उगवली. मुलीने त्याच खात्यात घेतली होती. काका कौतुकाने चाळू लागले, तर थोड्या दिवसांत पानापानावर पिवळे पट्टे. मला बोलावून दाखवलं. माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकातही बोट रेंगाळलं की ओळ पिवळी होते. भाच्याने पुसायचं शिकवलं होतं. पट्ट्यावर बोट दाबायचं, टोपलीचं चित्र येतं, ते दाबायचं. मी करून दाखवलं. काकांच्याच बोटांचे ठसे असणार, असं आम्ही दोघं धरून चाललो. तिकडे मुलीने केलेली खूण इकडे दिसते आणि इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्यानंतर काका रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टॅबसमोर बसायचे. रोज एक प्रकरण. खोडायच्या आधी अख्खं पान वाचायचंच, ही त्यांची जुनी सवय. आपण काय पुसतोय ते कळायला नको का, म्हणायचे. इतके खुशीत मी त्यांना काकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

परीक्षेला महिना राहिला तेव्हा मुलगी उजळणीला बसली. मंगळवारी भरदुपारी तिचा फोन आला. नंतर काका आमच्या दारात आले, तेव्हा चपला उलटसुलट घातल्या होत्या. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, म्हणाले. चार महिन्यांच्या खुणा होत्या बाबा, तुम्ही पुसल्यात का, एवढंच विचारलं. हो म्हटलं. मग म्हणाली, असू द्या. दुसऱ्या दिवशी ती चार पुस्तकं काकांच्या टॅबवरून गेली. तिने स्वतःचं वेगळं खातं केलं होतं.

त्या दिवशी मी देवापुढे बसले, पण मन लागेना. उठून काकांकडे गेले आणि म्हटलं, शिकवलं तर मीच.

“तुम्ही रीत दाखवलीत, वहिनी. हात माझाच होता.”

मग त्यांनीच उपाय काढला. वाचल्याशिवाय एकही ओळ पुसली नव्हती, तर आठवेलच की. मी माझी रोज जप लिहायची वही मागच्या बाजूने उघडली. ते डोळे मिटून सांगत, मी लिहून घेई. रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने नव्हे, नावाने हाक मारावी. सुई टोचण्याआधी सांगावं, दुखणार नाही असं खोटं सांगू नये. आठ दिवसांत त्र्याहत्तर ओळी झाल्या. पानांचे फोटो काढून मुलीला पाठवले.

रविवारी फोन आला. काकांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावला होता.

“बाबा, मी औषधांच्या मात्रा रंगवल्या होत्या. आकडे, तक्ते. यातल्या दोन-तीन ओळी माझ्या असतील. बाकीच्या तुम्हाला आवडलेल्या आहेत.”

“मग तुला उपयोग नाही?”

“छान आहेत की. ठेवते मी.”

फोन ठेवते की ओळी ठेवते, हे विचारायच्या आत तो बंद झाला.

मुलगी पास झाली. बढती मिळाली, बदली आणखी लांब झाली. आता फोन एक रविवार सोडून येतो.

काल काकांनी मला बोलावलं. तीच चार पुस्तकं त्यांना स्वतःच्या खात्यात हवी होती. मी शोधून दिली. त्यांनी पहिलंच पुस्तक उघडून औषधांचा तक्ता काढला आणि आकड्यांवरून बोट फिरवत, ओठ हलवत वाचू लागले. रुग्णाचं वजन इतकं तर थेंब इतके.

मी विचारलं, आता हे कशाला?

“मला वाक्यंच दिसली, वहिनी. पोरगी दिवसभर काय बघते ते दिसलं नाही. आता तरी कळेल.”

तिला सांगितलंत का, म्हटलं.

“नाही. तिचा दिवस आधीच भरलेला असतो,” ते म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले.