विहीणबाईंचं मत

आमच्या विहीणबाई पुस्तक वाचत नाहीत, आणि तरी पुस्तकांच्या भिशीच्या मुख्य त्याच आहेत. हे मी आधीच लिहून टाकते. या म्हातारीनं, म्हणजे मी, गोड बोलून डाव साधला, असं पुढं कुणी म्हणायला नको. मी गोड कधी बोललेच नाही.

ही भिशी आधी पैशांचीच होती. दोघीतिघींत वाजलं आणि ती मोडली. मग विहीणबाईंनी मोबाईलवर पाहिलं की पुण्या-मुंबईच्या बायका पुस्तक वाचून त्यावर बोलायला जमतात. त्यांनी चिठ्ठ्या तशाच ठेवल्या आणि पैसे काढून टाकले. जिची चिठ्ठी निघेल तिनं पुढच्या महिन्याचं पुस्तक सुचवायचं, वाचनालयातून दोन प्रती आणायच्या, त्या हातोहात फिरवायच्या, आणि महिनाअखेरीला विहीणबाईंच्या घरी जमायचं. भवानी पेठेत, पुण्यातल्या नव्हे, आमच्या इथल्या, खाली त्यांचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे आणि वर घर. तिथं एकच नियम होता. मत सांगितल्याशिवाय खायची बशी मिळत नसे. आधी कोण बोलणार, हे पुस्तक सुचवणारीनं ठरवायचं.

बशीतली भजी तळायची माझी मुलगी. ती त्या घरची सून. मी भिशीत गेले ती तिच्यासाठी. एरवी मी जिना चढले की विहीणबाई विचारायच्या, "काय काम काढलंत?" पुस्तक हातात असलं की त्यांना ते विचारता यायचं नाही.

मी जेऊरला चौथीपर्यंत शिकले. वाचताना ओळीखाली बोट धरते. वेळ लागतो, पण सुरू केलेलं पुस्तक मी अर्धं सोडत नाही.

पुस्तकं काय वाटेल ती यायची. एकदा युरोपच्या सहलीचं आलं. आमच्यात कुर्डुवाडीच्या एक बाई होत्या. मालक रेल्वेच्या कारखान्यात होते, ते गेल्यावर त्या इथं मुलाकडं आल्या. त्या म्हणाल्या, या माणसानं गावोगावचा नाश्ता लिहिलाय, पण त्याचे कपडे कोण धूत होतं ते काही लिहिलं नाही. एकदा साखर ताब्यात ठेवायचं पुस्तक आलं. मागच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक मुसलमान बाई आमच्यात होती. तिचं मत असं पडलं की लिहिलंय ते खरं असेल, पण लिहिणाऱ्याच्या घरी सणवार होत नसावेत. खुनाचं पुस्तक आलं तेव्हा शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी शेवटचं पान आधी वाचून खुनी कोण ते सगळ्यांना फोन करून सांगितलं. त्या महिन्यात कुणाला मतच उरलं नाही, नुसती भांडणं झाली. एका महाराजांचं मनःशांतीवरचं पुस्तक खुद्द विहीणबाईंनी सुचवलेलं. मी म्हटलं, ज्याला घर चालवायचं न्हाय त्याला शांती मिळाली तर त्यात नवल काय. मला त्या दिवशी बशी सगळ्यांत शेवटी मिळाली आणि भजी गार होती.

विहीणबाईंचं मत शेवटी असायचं आणि लांब असायचं. "माणूस घरात असूनही एकटा कसा पडतो, ते लेखकानं बरोबर पकडलंय," असं काहीतरी त्या बोलायच्या आणि बायका माना हलवायच्या. पहिल्या दोन महिन्यांत मला कळलं नाही. तिसऱ्यांदा ते बोलणं ओळखीचं वाटलं. थांबून, शब्द निवडून बोलायची ती रीत माझ्या मुलीची होती. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. ती म्हणाली, दुपारी त्या पलंगावर पडतात, मी पुस्तक वाचून ठेवते आणि पाय दाबत गोष्ट सांगते. मत काय द्यायचं तेही विचारतात. वाचलं की त्यांचे डोळे दुखतात.

दुकानात टॉवेलचा एक धागा सुटलेला असला तर त्या बाईला गल्ल्यावरून दिसतो.

मला राग यायला जुनं कारण होतं. माझी मुलगी डीएड झालेली. लग्नाच्या बोलणीच्या वेळी विहीणबाई माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत म्हणाल्या होत्या की सून नोकरी करेल, आमची काही हरकत नाही. लग्नानंतर तिला कुर्डुवाडीकडच्या एका शाळेत नोकरी लागली. तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "मी असं कधी म्हटलंच नव्हतं." चहाच्या वेळी आम्ही दोघीच होतो. मी चारचौघांत विचारलं, त्या चारचौघांत हसल्या. नोकरी दुसरीला गेली. माझे मालक म्हणाले, सोडून दे. त्यांनी सोडलं. मी सोडलं नाही. त्या दिवसापासून मला एवढंच हवं होतं की या बाईची मान लोकांसमोर खाली जावी.

मग नात बारावी झाली आणि तिला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. विहीणबाईंनी सांगून टाकलं की आमच्या घरची मुलगी हॉस्टेलवर राहणार नाही. जावई गल्ल्यावर बसतात आणि आईसमोर तोंड उघडत नाहीत. दोन महिन्यांच्या आत पुण्याला जाऊन नाव पक्कं केलं नाही तर जागा जाणार होती. नात माझ्याकडं आली. रडली नाही. तिनं विचारलं, "आजी, तुझं तिथं काही चालतं का?"

"न्हाय चालत," मी म्हटलं. खोटं कशाला सांगायचं.

त्याच महिन्यात माझी चिठ्ठी निघाली.

मी वाचनालयात गेले. तिथल्या माणसाला म्हटलं, नातीचं शिक्षण बुडवणारी म्हातारी असलेलं पुस्तक पायजे. तो हसला, पण त्यानं तीन काढून दिली. एकात म्हातारी सुरुवातीलाच मरते. ते माझ्या कामाचं नव्हतं. दुसऱ्यात तिला शेवटी पश्चात्ताप होतो आणि सगळे तिला माफ करतात. ते मी वाचून झालं त्याच दिवशी परत केलं. तिसरं बरोबर निघालं. त्यातली म्हातारी परीक्षेच्या दिवशी नातीला खोलीत घालून बाहेरून कुलूप लावते. पोरीचं वर्ष जातं, पोरगी पुढं घर सोडते, आणि म्हातारी त्याच घरात पडून राहते. तिला पाणी द्यायला कुणी येत नाही. ते शेवटचं पान मी दोनदा वाचलं.

प्रती फिरत होत्या तसं माझ्या कानावर येत होतं. कुर्डुवाडीच्या बाई म्हणाल्या, असल्या बाईला भाकरीचा तुकडा घालू नये. शिवणकामवाली म्हणाली, कुलूप लावलं तिथं आले आणि माझं मशीन थांबलं, पुढं शिवताच येईना. मी खूश होते. विहीणबाईंना आधी बोलायला लावायचं मी ठरवलं होतं. त्यांनी म्हातारीची बाजू घेतली तर सगळ्या जणी त्यांच्यावर तुटून पडतील. म्हातारीला नावं ठेवली तर मी तिथंच नातीचं विचारीन. काही झालं तरी या खेपेला साक्षीदार होते. मुलीला मी काही सांगितलं नाही. ती घाबरट आहे, असं मला वाटायचं.

सगळ्या जमल्या. मी म्हटलं, आज विहीणबाई आधी बोलतील.

त्यांनी पदर सारखा केला. "मला त्यातली आजी फार आवडली," त्या म्हणाल्या. "अख्खं घर नको म्हणत होतं. पण त्या माउलीनं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं आणि नातीला म्हणाली, जा, शिक. घरातल्या मोठ्या बाईनं असंच वागावं. मला तर बाई रडूच आलं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. मुलगी बशांचा ट्रे घेऊन उभी होती. एरवी खाली बघणारी माझी मुलगी सरळ माझ्याकडं बघत होती. तेव्हा मला कळलं. दुपारी पाय दाबता दाबता तिनं गोष्टच बदलून सांगितली होती.

शिवणकामवालीच्या तोंडून निघालंच, "पर काकी, ती आजी तर..."

ते वाक्य पुरं झालं असतं तर विहीणबाई तिथल्या तिथं उघड्या पडल्या असत्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर आयतं आलं होतं. कुठल्या पानावर कुलूप काढलं ते दाखवा, एवढं म्हणायचं राहिलं होतं. माझी जीभ वळवळत होती. पण त्या चिडल्या असत्या. पोरगी घरी बसली असती, आणि माझ्या मुलीनं त्या घरात रोज त्याचं भोगलं असतं.

मी शिवणकामवालीला म्हटलं, "तू थांब. तुझी पाळी यायची हाय." आणि विहीणबाईंकडं वळून म्हटलं, "लई बरोबर बोललात. मग आपल्या नातीला पुण्याला कवा धाडायचं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आपण कुठंतरी अडकलो हे त्यांना कळलं होतं. कुठं, ते कळलं नव्हतं. कुर्डुवाडीच्या बाई तल्लख. त्या लगेच म्हणाल्या, माझी बहीण पुण्याला असते, पोरीवर लक्ष ठेवायला सांगते. निवृत्त बाई म्हणाल्या, अभिनंदन, आम्हाला बोलला नाहीत ते. विहीणबाईंनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मी कधी नको म्हटलं होतं? या आठवड्यात जाऊ दे."

या खेपेला त्या खोटं बोलल्या ते आमच्या कामाला आलं.

मग बाकीच्यांची मतं झाली. शिवणकामवाली एवढंच म्हणाली की पुस्तक चांगलं आहे, शेवट मला जरा वेगळा वाटला, पण ज्याचं त्याचं मत. आणि तिनं बशी घेतली.

सगळ्या गेल्यावर मी मोरीशी बसलेल्या मुलीला विचारलं, हे करणार होतीस तर मला का सांगितलं नाहीस.

"तू मला सांगितलंस का, हे पुस्तक का निवडलंस?" ती बशा विसळत म्हणाली. "आई, तुला त्यांची मान खाली घालायची होती. मला पोरगी पाठवायची होती."

मी विसळलेल्या बशा पुसायला घेतल्या.

पोरगी गेली. शिकली. आता पुण्यातच एका दवाखान्यात कामाला आहे. आणि इकडं विहीणबाई येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात की घरातले सगळे नको म्हणत होते, मीच पाठवली. चादर बघायला आलेल्या बायका त्यांच्या पाया पडायच्या बाकी असतात. भिशीत नवीन आलेल्यांना त्या सांगतात की एका पुस्तकातून मी हे शिकले. पोरीचं शिक्षण चालू होतं तेवढी वर्षं मी दर महिन्याला तिथं बसून हे ऐकलं आणि भजी खाल्ली. एकदा कुणीतरी मलाच म्हणालं की अशी विहीण मिळायला भाग्य लागतं. मी त्या बाईला पाणी मागितलं.

मुलगी म्हणायची, आता सोड, त्यांचं वय झालं. वय माझंही झालं. तिची नोकरी गेली ती गेली, ती तिला कुणी परत दिली नाही. पोरीचा पहिला पगार झाला त्या दिवशी मी मुलीला विचारलं, हे सगळं लिहू का. ती म्हणाली, "लिही. मला घरातून काढलं तर मी पोरीकडं जाईन."

म्हणून लिहिलं. कुणाचं नाव घातलेलं नाही. भवानी पेठेत त्याची गरज पडणार नाही.